सोयाबीनच्या फाइलीतली कमळं

गोधडीचे तीनशे नमुने माझ्याकडे आहेत आणि शेजारच्या कुंदाबाईकडे एकही नाही. ही परिस्थिती जशीच्या तशी टिकवणं, हेच गेली वीस वर्षं माझं मुख्य काम होतं.

वरोऱ्याच्या आमच्या गल्लीत बायकांचं मासिक एकीच्या नावाने यायचं आणि वाचायच्या सगळ्या. पहिला नंबर माझा. गोधडीचं पान दिसलं की चालव कात्री! पुढे ते मासिक कुंदाबाईकडे जायचं तेव्हा त्याला मधोमध खिडकी पडलेली असायची.

"सुमनबाई, इथी काय होतं वो?"

"जाहिरात होती. सर्दीच्या औषधाची."

(या बाईला सर्दी तरी किती, असं तिला वाटत असणार!)

कुंदाबाईचा हात म्हणजे काय सांगू बाप्पा! साध्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवेल, तर बघत राहावं. तिला नमुना मिळाला, मग आपल्याला कोण विचारतो? म्हणून कात्रणं मी आधी गादीखाली ठेवली. तर ती येऊन नेमकी त्याच कोपऱ्यावर बसली! तांदळाच्या डब्यात ठेवली, तर दुसऱ्याच दिवशी वाटीभर तांदूळ मागायला हजर! आता माणसाने संशय घ्यावा की नाही?

शेवटी एक नामी युक्ती सुचली. आमचे हे कास्तकार. बियाण्याचं प्रत्येक पत्रक जपून ठेवायची यांना खोड, आणि "फेका ते जुने कागद!" म्हणून रोज ओरडायची मला. यांच्या फाइलींसारखीच एक फाइल घेतली, नमुने आत घातले, वर लिहिलं 'सोयाबीन – जुनी पत्रकं', आणि दिली यांच्याच कपाटात ठेवून. यांनासुद्धा सांगितलं नाही. (नवरा म्हणजे गल्लीतला सगळ्यात मोठा भोंगा!)

मग पोरीचं डोहाळजेवण आलं. नागपूरच्या विहीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाळाचं समदं आम्ही विकतच आणून राह्यलो. आजकाल घरी कोण शिवते?"

मला राहवलं नाही. "मी शिवते! आठ पाकळ्यांच्या कमळाची गोधडी. बारशाले पाहाच!"

बायका टाळ्या वाजवत होत्या आणि कुंदाबाईला लाडू खाताना ठसका लागला. जळते मेली, मी मनात म्हटलं. (आजवर मी फक्त बटणं शिवली होती. तीही उलट्या बाजूने.)

दुसऱ्या आठवड्यात कपाट उघडलं, तर फाइल गायब! आता विहीणबाईंना काय तोंड दाखवू? यांना विचारायची सोय नाही. मग उरलं कोण? कुंदाबाई!

पुरावेही मिळू लागले. दुपारी तिचं दार बंद. मी ठोठावलं, तर आत धावपळ, आणि दार उघडेपर्यंत खाटेवर चादर पसरलेली.

"काय करून राह्यल्या वो कुंदाबाई?"

"काई नाई. पापड."

पापड! भर पावसात!

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागच्या खिडकीखाली घमेलं पालथं घातलं आणि त्यावर चढले. बघते तर काय, खाटेवर माझी फाइल उघडी आणि तिच्या मांडीवर माझं कमळ! तीन पाकळ्या शिवूनसुद्धा झालेल्या!

"कुंदे, चोट्टे!" मी किंचाळले. घमेलं सटकलं आणि मी धाडकन तिच्या मिरचीच्या वाफ्यात.

कुंदाबाई धावत आली. तिचे यजमान वसंतभाऊ आले. आमचे हे आले.

"माझी फाइल चोरली हिनं!"

"चोरली? अवं, मीच देल्ली!" हे म्हणाले. "वसंताले सोयाबीनची माहिती पाह्यजे होती. तूच त म्हणते नं, जुने कागद काढा घरातून?"

तीस वर्षांत या माणसाने माझं पहिल्यांदा ऐकलं होतं!

"मी उघडून पाह्यली त आत कमळं," वसंतभाऊ म्हणाले. "म्हटलं, हे कोणतं वाण निघालं?"

कुंदाबाई खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "मले वाटलं, तुम्हीच पाठवली. विहीणबाईसमोर बोलून बसल्या, शिवता त येत नाई. मदत मांगाले लाज वाटली असन, म्हणून तुमच्या घरच्या भाऊच्या हातून पाठवली. म्हटलं, कोणाले कळू द्याचं नाई, गुपचूप शिवून देऊ. म्हणून त पापड सांगतले!"

मला इतकी लाज वाटली की वाफ्यातून उठावंसंच वाटेना. वीस वर्षं या बाईला मी सर्दीच्या जाहिराती सांगत होते!

"मग... मीच पाठवली, असंच समजा," मी म्हटलं.

"समजली. उठा आता, मिरच्या मोडून राह्यल्या."

बारशाला पाळण्यात गोधडी अंथरली आणि बायका बघतच राहिल्या. विहीणबाईंनी एकेका पाकळीवरून बोट फिरवलं. "सुमनबाई, हे टोक इतकं बारीक कसं वळवलं वो? मलेही शिकवा नं!"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. कुंदाबाईने पदर तोंडात कोंबला.

मी मान ताठ केली. "नाई बाई, ते आम्ही कोणाले सांगत नाई!"

(माहीत असतं, तर आयुष्यात पहिल्यांदा सांगून टाकलं असतं!)