मागचं कापड

लिंबायतला आमच्या गल्लीतल्या फोटोवाल्याकडे कॉम्प्युटर आला आणि माणूस हातचा गेला. साधा पांढरा पडदा त्याला सोसवेना. जवळच्या कापडाच्या कारखान्यातून आणलेले तुकडे तो स्कॅनरवर पसरायचा आणि त्यांची वीण माणसांच्या पाठीमागे चढवायचा. फोटो रेशनकार्डाचा असला तरी. बोलताना नजर कायम कॉम्प्युटरवर, आणि प्रत्येक वाक्याआधी "थांबा हां, भाऊ."

बहिणीला धुळ्याचं स्थळ आलं, तेव्हा फोटोसाठी त्याच्याकडेच जावं लागलं. तिच्या कपाळावर लहानपणी पडलेल्या टाक्यांची खूण होती. "तेवढी पुसून द्या," मी म्हणालो.

"थांबा हां, भाऊ. मागच्या कापडात एक तार तुटलीय."

कॉम्प्युटरवर तो तुटका धागा जोडण्यात त्याने माझी अख्खी दुपार खाल्ली. कपाळावरची खूण जिथल्या तिथे. मी चिडून पुन्हा सांगितलं, तेव्हा माउस सोडून तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळला. "मागचं सगळं माझं. चेहऱ्याले मी हात लावत नाही."

दुसरीकडे जायला वेळ नव्हता. तोच फोटो धाडला.

पाहुणे आले. मुलाच्या आईने फोटो बहिणीच्या शेजारी धरला, खूण पाहिली आणि म्हणाली, "चला, ही तरी फोटोतलीच पोरगी निघाली."

लग्न जमलं. मग अल्बमचं कामही त्यालाच द्यावं लागलं. त्यात माझ्या पाठीमागे चौकड्यांच्या लुंगीचं कापड आहे, आणि माझा वैतागलेला चेहरा जसाच्या तसा.