फाटक्या पुस्तकाचा फेटा

नगर जिल्ह्यात कधी जावं असं कुणी विचारलं की मी लगेच सांगते, संक्रांत झाली की निघा. मे महिन्यात तिथं जाऊन भाजून निघायचं आणि परत आल्यावर "तिकडं काही नाही हो बघायला" म्हणायचं, असले प्रवासी मला मुळीच आवडत नाहीत. जानेवारीत ज्वारी कणसात भरलेली असते, हवा कोरडी आणि गार असते आणि शेताशेतांत हुरड्याचा धूर दिसतो. मी पहिल्यांदा गेले ती याच दिवसांत. एकाहत्तर साल नुकतंच लागलं होतं, मोठा दुष्काळ अजून यायचा होता. बरोबर आई होती. बरोबर म्हणजे काय, मी तिला जवळजवळ ढकलतच नेली होती.

माझी आई मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. बाबा गेल्यावर घर चालवायला तिनं हे काम धरलं. प्रकाशकाचा माणूस मजकूर आणून द्यायचा आणि चित्रं घेऊन जायचा. पुस्तकावर तिची नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. त्यामुळे सोनईजवळच्या एका गावातून पत्र आलं ते सरळ "श्री." म्हणून आलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात कुणाला नावं ठेवायची माझी इच्छा नाही.

पत्र तिथल्या बालवाचनालयाच्या गुरुजींचं होतं. त्यांची पद्धत मोठी मजेशीर होती. दर संक्रांतीनंतर ते कपाटातली सगळी पुस्तकं बाहेर काढायचे आणि मुलांनी वाचून वाचून ज्याची सगळ्यात जास्त दुर्दशा केली असेल, त्या पुस्तकाला बक्षीस! एका वर्षी लेखकाचा सत्कार, एका वर्षी चित्रकाराचा. "आपल्या पुस्तकाच्या आमच्या मुलांनी पार चिंध्या केल्या, सबब आपण सत्कारास यावे," असं लिहिलं होतं. आई खळखळून हसली आणि मग म्हणाली, "तू जाऊन घेऊन ये. मी नाही येणार."

का नाही, हे मला ठाऊक होतं. संक्रांत ते रथसप्तमी हे हळदीकुंकवाचे दिवस. वाड्यातल्या बायका नटूनथटून या घरातून त्या घरात जायच्या आणि आई दुपारभर दार लोटून चित्रं काढत बसायची. चारचौघांत बोलावून ऐन वेळी आपल्याला वगळून ताट पुढं जातं, हे तिनं फार सोसलं होतं. म्हणून कुठल्याच समारंभाला जायचं नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. मला याचा संताप यायचा. मी दोन दिवस डोकं खाल्लं, तेव्हा कुठे ती तयार झाली.

पुण्याहून सकाळची एस.टी. घेतली. शिरूरला गाडी थांबते, तिथला चहा आणि गरम भजी सोडू नका, हा सल्ला मी आजही देते. घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो आणि मोकळं माळरान सुरू होतं. नगरच्या स्टँडावर गाडी बदलून औरंगाबादच्या रस्त्यानं घोडेगावला उतरलो. आज तिथून शनीला जाणाऱ्या गाड्यांची रीघ असते आणि रस्ताही छान आहे. तेव्हा आम्हाला न्यायला बैलगाडी आली होती. तिकिटाचं विचारू नका, तेवढ्या पैशांत आता चहासुद्धा येत नाही.

गाडीबरोबर स्वतः गुरुजी आले होते. पांढरी टोपी, धोतर आणि हातात झेंडूचा हार. ते आमच्या मागे कुणी उतरतंय का बघत राहिले. शेवटी गाडी निघून गेली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "आन् चित्रकार साहेब?"

"हे काय, माझ्यासमोरच उभे आहेत," मी आईकडे बोट दाखवत म्हटलं.

गुरुजींचा चेहरा असा काही झाला की विचारू नका. पण माणूस भला होता. "लई बेस झालं," असं म्हणत त्यांनी हार आईच्या हातात दिला आणि वाटेत प्रत्येक विहिरीची आणि प्रत्येक बांधाची माहिती सांगितली. आईच्या कपाळाकडे मात्र त्यांनी एकदाच पाहिलं आणि मग बैलांकडेच बघून बोलत राहिले.

सूर्य मावळायच्या आधी शाळेमागच्या शेतात हुरड्याचा बेत होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं तळहातावर चोळायची आणि कोवळे हिरवे दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. बरोबर दही आणि गूळ. हुरडा पुण्यात ताटात मिळतो तो नव्हे, शेतात बसून तोंड काळं होईपर्यंत खायचा. आई मजेत होती. पलीकडे ज्वारीच्या ताटांच्या आडोशाला चार माणसं बोलत होती. त्यांना वाटलं असावं, आम्हाला ऐकू येत नाही.

"फेटा आणलाय त्याचं काय करायचं? बाईमानसाला फेटा कसा बांधायचा?" हा गुरुजींचा आवाज.

"मग वटी भरू की. मी खन-नारळ काढते," एक बाई म्हणाली. त्या सरपंचांच्या घरातल्या वहिनी, दुपारी त्यांनीच आम्हाला पाणी दिलं होतं. मग त्याच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं बया! वटी तरी कशी भरायची? कपाळ बघितलं न्हाई का तुमी?"

"मग निस्ता नारळ देऊ हातात," कुणीतरी म्हणालं. "सत्कार झाला म्हंजे झालं."

माझ्या हातातलं कणीस तसंच राहिलं. अंगाचा तिळपापड झाला. ज्या गोष्टीला आई भीत होती ती मीच तिला इथवर आणून तिच्यापुढे वाढून ठेवली होती. मी म्हटलं, "आई, उठ. सकाळच्या पहिल्या गाडीनं परत जाऊ. गेला खड्ड्यात तो सत्कार."

आई दाणे चोळत बसली होती. "हुरडा संपव आधी," एवढंच म्हणाली.

सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव होता. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका आणि मध्ये जमिनीवर मुलं. टेबलावर आईचं ते पुस्तक ठेवलं होतं, सर्दी झालेल्या हत्तीच्या गोष्टीचं. काय त्याची अवस्था! पुठ्ठा गेलेला, पानं सुतळीनं बांधलेली. हत्तीच्या सोंडेवर पोरांनी इतकी बोटं फिरवली होती की सोंड पुसूनच गेली होती. आईनं ते उचललं आणि बराच वेळ पान उलटलंच नाही. पहिल्या रांगेतली एक परकर नेसलेली मुलगी ओरडली, "बाई, सोंड म्या न्हाई पुसली, ह्या गंगीनं पुसली!" सगळा मांडव हसला.

टेबलाशेजारी रसूलभाई बसले होते. गावात कुणाचंही लग्न असो, मग ते हिंदूचं असो की मुसलमानाचं, फेटा बांधायला रसूलभाईच. वाचनालयाच्या पाहुण्यालाही दर वर्षी तेच बांधत. गुलाबी फेट्याचं कापड त्यांच्या मांडीवर घडी करून ठेवलेलं होतं आणि ते खाली बघत होते. त्यांनाही सांगून ठेवलेलं दिसत होतं.

गुरुजी चार शब्द बोलले, चांगलं बोलले. मग नारळ उचलून त्यांनी आईच्या हातात दिला आणि घाईघाईनं म्हणाले, "आता आभार..."

आई जागची हलली नाही. "गुरुजी, आणि फेटा?"

गुरुजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"दर वर्षी तुम्ही पाहुण्याला बांधता ना?" आई म्हणाली. आवाज नेहमीचाच, पोळीला तूप हवंय का विचारावं तसा. "यंदा चित्रकाराची पाळी आहे, आणि चित्रं मी काढलीत. मला फेटा बांधा."

गुरुजी सरपंचांकडे बघू लागले, सरपंच मांडवाच्या खांबाकडे. आता कुणी काही वेडंवाकडं बोललं असतं तर मी काय केलं असतं देव जाणे. तेवढ्यात रसूलभाई गुडघ्यावर हात टेकून उठले. आईसमोर येऊन हळूच म्हणाले, "बाई, डोक्याला हात लागंल."

"लागू दे की," आई म्हणाली आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर घेऊन खुर्चीवर बसली.

एक टोक दातात धरून त्यांनी कापडाला पीळ दिला आणि वेढे घालायला लागले. बायकांच्या बाजूनं आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी पदरात तोंड घालून हसलं. आई समोर बघत ताठ बसली होती. रसूलभाईंनी तुरा काढला, शेमला पाठीवर सोडला, दोन पावलं मागं सरून नीट पाहिलं आणि म्हणाले, "बेस."

मग बायकांमधून वहिनी उठल्या, आदल्या संध्याकाळी कपाळाबद्दल बोललेल्या त्याच. त्या तडक आईपुढे गेल्या, फेट्यावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाल्या, "दिष्ट लागंल गं माय तुला."

पोरांनी जो कालवा केला तो काय सांगू! मी तर तिथंच रडायला लागले, अगदी नाक पुसत. आई तेवढी हसत होती.

दुपारी गुरुजींनी आम्हाला नेवाशाला नेलं. प्रवरेच्या काठी, ज्ञानेश्वर माउलींच्या पैस खांबापाशी आम्ही बराच वेळ बसलो. तुम्ही गेलात तर घाई करू नका. दर्शन पाच मिनिटांत होतं, पण नदीकाठची ती शांतता नुसतं बसल्याशिवाय मिळत नाही. रसूलभाईंचा फेटा टोपीसारखा अलगद उतरवता येत होता. तो आईनं मांडीवर घेतला होता. मी विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पाय लटपटत होते, म्हणून तर खुर्चीवर बसले," ती म्हणाली. "पण नुसता नारळ घेऊन घरी आले असते, तर पुन्हा कुठेच गेले नसते गं."

परतीच्या एस.टी.त गर्दी होती. कंडक्टरनं तिच्या मांडीवरचा फेटा पाहिला आणि तिकीट फाडताना विचारलं, "मावशी, नवरदेव कुठं राह्यला?"

"मीच आहे," आई म्हणाली. तो बिचारा पुण्यापर्यंत आमच्याकडे फिरकला नाही.

नंतर मी नगर जिल्हा पुष्कळ पाहिला. अकोले तालुक्यातले डोंगर, भंडारदऱ्याचं पाणी, सगळं सुंदर आहे आणि त्याबद्दल मी भरभरून लिहीनही. पण त्या गावानं मला जे दिलं ते कुठल्याच धरणावर मिळालं नाही. आदल्या संध्याकाळी आडोशाला कुजबुजणारी माणसं दुसऱ्या सकाळी बदलू शकतात, आणि कुणीतरी शांतपणे मागितलं तर देतात, हे मी तिथं पाहिलं. आधी मागावं मात्र लागतं.

घरी पोचलो त्या दुपारी जिन्यात हळदीकुंकवाच्या बायकांची ये-जा चालू होती. आईनं दार लोटलं नाही. बाबांचा दाढीचा आरसा खुंटीवरून काढला, खिडकीच्या उजेडात टेबलाला टेकवला, फेटा डोक्यावर ठेवला आणि कागद पुढ्यात ओढला. बाबा गेल्यापासून तिला आरशासमोर बसलेली मी पाहिलीच नव्हती. ती वर बघे, खाली रेघ काढी, पुन्हा वर बघे. कागदावर फेट्याचा एकेक वेढा काढला. कपाळ होतं तसंच मोकळं ठेवलं. रंग भरून झाल्यावर कागद हातभर लांब धरून तिनं तो नीट पाहिला, मग मला हाक मारली.

"बरी दिसते की गं मी," आई म्हणाली.