टेलरबाईंचं कासव

टेलरबाई खोटं बोलत नाहीत, हे गल्लीत कोणीही सांगेल. मंगळवारचा वायदा शुक्रवारी पुरा होतो, पण ते खोटं नव्हे, तो धंदा झाला. ठरवून खोटं त्या आयुष्यात एकदाच बोलल्या, तेही तळ्यासाठी. दुकानाच्या मागच्या खिडकीखालीच ते तळं, आणि येणारा जाणारा त्यात कचऱ्याची पिशवी भिरकावायचा. बाईंनी हात जोडून पाहिले, भांडून पाहिलं; पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी वैतागून एका गिऱ्हाइकाचं माप घेता घेता त्या म्हणाल्या, की तळ्यात एक म्हातारं कासव आहे, परवाच बिचाऱ्याच्या तोंडात प्लास्टिक अडकलं होतं.

गिऱ्हाईक कोण, तर सख्खी धाकटी नणंद. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत कासव शंभर वर्षांचं झालं, दुसऱ्या दिवशी आंधळं. मग ते न्हाव्याला दिसलं, दूधवाल्याला दिसलं, नणंदेला तर दोनदा. मोबाइलच्या ग्रुपवर एका दगडाचा फोटोही फिरला. कोणी पिशवी घेऊन काठाशी गेलं, की चार खिडक्यांतून कासवाच्या नावाने ओरडा व्हायचा. दहा वर्षांत पाणी इतकं निवळलं, की काठाजवळ तळाचे खडे दिसायला लागले. कासव तेवढं दिसलं नाही.

अन् मग नगरपालिकेने तळं बुजवून गाड्या लावायला जागा करायचं ठरवलं. शाळेच्या सभागृहात साहेब हरकती ऐकायला बसले. जो उठे तो कासवाचंच सांगे. साहेब थंडपणे म्हणाले, उद्या पाणी उपसून बघू. कासव निघालं तर तळं राहील, नाही निघालं तर विषय संपला.

मुकाट बसावं तर उद्या तळं जाणार, बोलावं तर आजच अब्रू. बाई उठल्या.

"साहेब, कासव नाही. ते मी रचलं. पण ही माणसं दहा वर्षं त्याला जपतायत. तुमचा पहारेकरी नाही, दंड नाही, तरी एक पिशवी पडत नाही. उपसायच्या आधी ते पाणी तरी बघा."

साहेब बघायला आले आणि बराच वेळ काठावर उभे राहिले. पहारे बसवूनही त्यांच्या दुसऱ्या कुठल्या तळ्याचा वास गेला नव्हता. महिन्याने कागद आला: तळं राहील, राखायला रहिवाशांनीच समिती नेमावी.

आपलंच नाव पुढे येणार, अशी बाईंची खात्री होती. खोटं कशाला, समिती निवडायच्या दिवशी त्यांनी ठेवणीतला पोशाखही काढून ठेवला होता. पण बोलावणं आलंच नाही. अध्यक्ष झाली नणंद, कारण तिने दोनदा पाहिलं होतं. ते सांगायलाही तीच आली.

"वहिनी, मी तुमचं नाव घेतलं होतं," ती म्हणाली. "पण सगळे म्हणाले, कासव नाही म्हणणाऱ्या बाईवर तळं कसं सोपवायचं?"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नणंदेने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"तुम्हाला दिसलं नसेल, वहिनी. पण म्हणून भर सभेत असं बोलायचं का?"