स्टेडियमआधी बावीस माणसं

रत्नागिरीतल्या आमच्या फुटबॉल क्लबने नवं स्टेडियम बांधावं की नाही, यावर आम्ही दोन वर्षं भांडलो. त्या दोन वर्षांत सामने झाले तीन आणि सभा किती झाल्या ते मोजायचं मी सोडून दिलं. सभेला माणसं भरपूर यायची. चहा असायचा, भजी असायची, आणि ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता ते पोटतिडकीने बोलायचे. मैदानावर मात्र अकरा जण जमले तर मी, सेक्रेटरी म्हणून, घरी जाऊन देवापुढे साखर ठेवत असे.

मी स्टेडियमच्या बाजूने होतो, हे आधीच सांगून टाकतो. नुसता बाजूने नव्हतो, मला त्याचं वेडच लागलं होतं. जन्मभर कचेरीत दुसऱ्यांच्या इमारतींच्या फायली इकडून तिकडे सरकवलेल्या कारकुनाला निवृत्तीनंतर स्वतःचं काहीतरी उभं करायची खाज सुटते. मी आलेखाच्या वहीत नकाशा काढला होता. पश्चिमेला जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची गॅलरी, तिच्यावर पत्र्याचं छप्पर, खेळाडूंना कपडे बदलायला खोली, दारात कमान. बायकोने नकाशा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "ह्यात खेळणारे कुठे आहेत?" मी म्हटलं, नकाशात माणसं दाखवत नाहीत. ती म्हणाली, "मैदानात तरी दाखवा."

खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. क्लब माझ्या आधीच्या चार सेक्रेटऱ्यांनी चालवला, आणि लक्षणं अशी होती की तो माझ्या सहीने बंद पडणार. गावात एकदा असं नाव पडलं की ते मेल्यावरही पुसलं जात नाही. 'क्लब बुडवला तो हाच,' असं माझ्या तेराव्याच्या जेवणाच्या पंगतीत कुणीतरी म्हणेल, वर वाढप्याकडे आणखी एक लाडू मागेल, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. स्टेडियम झालं की लोक खेळायला येतील, अशी मी माझी समजूत घातली होती.

आमच्या क्लबचा हंगाम पावसाळी. मैदान सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर. उन्हाळ्यात तिथे पडलात तर गुडघ्याचं सालपट तिथेच राहतं. पावसात मात्र त्या कातळावर हात-हात गवत येतं आणि घसरून पडण्यातही मजा असते. शिवाय पावसात मासेमारी बंद. मिरकरवाड्याच्या, म्हणजे आमच्या मच्छीमार वस्तीच्या, बोटी बंदरात नांगरलेल्या, माणसं रिकामी, जाळी सुकवणीला. म्हणून बंदी लागली की क्लबचं कुलूप उघडायचं आणि नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी शेवटचा सामना खेळून परत लावायचं, ही पूर्वापार रीत. गोलाला जाळं ट्रॉलरचंच, फाटकं. त्यातून काढलेल्या चेंडूला बांगड्याचा वास यायचा.

पण हळूहळू दर्यावर जाणाऱ्यांची मुलं मुंबईला गेली. जी राहिली ती क्रिकेटला लागली. मी त्यांना दोष देत नाही. क्रिकेटमध्ये धावतो एक आणि बाकीचे उभं राहून बोलतात, ते आमच्या स्वभावाला जास्त मानवतं.

स्टेडियमच्या विरोधात मुख्य माणूस आमचा कॅप्टन. तो एका ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. पन्नाशीचा, बुटका, आवाज वाऱ्यावर ओरडून ओरडून कायमचा वर चढलेला. सभेत तो शेवटी उठायचा आणि एकच वाक्य बोलायचा. "सेक्रेटरी, तुमी घर बांधाल, पन ऱ्हायला कोन येनार?"

मी म्हणायचो, "आधी देऊळ बांधतात, मग देव बसवतात."

"ते तुमच्याकडं. आमच्यात आधी देव सापडतो, मंग देऊळ बांधतात," तो म्हणायचा, आणि सभा हसायची. ती हसली की मला राग यायचा. राग आला की मी इतिवृत्तात त्याचं बोलणं 'चर्चा झाली' एवढ्यावर उरकत असे. सेक्रेटरीच्या हातात सूड घ्यायला दुसरं काही नसतं.

अशात आमच्या एका जुन्या खेळाडूने निरोप पाठवला. हा गृहस्थ तरुणपणी दोन पावसाळे आमचा सेंटर फॉरवर्ड होता, मग मुंबईला गेला आणि तिकडे धंद्यात मोठा झाला. गावात त्याला सगळे मुंबईकरदादा म्हणतात. गणपतीला चार दिवस, शिमग्याला दोन, एवढं त्याचं येणं. पण मैदानाला लागून त्याची जमीन आहे. ती तो देणार होता आणि वर स्टेडियमही बांधून देणार होता. अटी दोनच. एक, पूर्ण सामना डोळ्यांनी बघणार, बावीस माणसांचा. दुसरी, खेळणारे सगळे गावचे हवेत, कारण क्लबचा नियमच तसा आहे. नियम खराच होता. सभासदाच्या फॉर्मवर नावाच्या आधी 'गाव' असा रकाना आहे.

मी दुसऱ्याच दिवशी सभा बोलावली. तांडेल रागाने आलाच नाही. बाकी कमिटीत एक निवृत्त मास्तर, एक आंबा बागायतदार, एक औषधाच्या दुकानाचा मालक आणि मी. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, नारळी पौर्णिमा शोधली, तिच्या आधीच्या रविवारवर बोट ठेवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आपसातलाच सामना, मिरकरवाडा विरुद्ध वरची आळी. मुंबईकरदादांना तारीख कळवली.

आता ह्यात चूक काय झाली ते ऐका. त्या वर्षी अधिक महिना होता. त्यामुळे पौर्णिमा सरकत सरकत ऑगस्टच्या अखेरीला गेली. देव कॅलेंडरातल्या तिथीने चालतो, पण मासेमारीची बंदी उठते सरकारी तारखेने, आणि सरकारला अधिक महिना नसतो. पौर्णिमेचा नारळ पडायच्या कितीतरी आधी ट्रॉलर समुद्रात निघून गेले होते. ही गोष्ट मिरकरवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. माझा जन्म देवरुखचा. आमचे डोंगर बंदी उठली म्हणून कुठे जात नाहीत, तेव्हा माझं एक वेळ समजू शकतं. पण बाकीचे तिघे बंदराच्या हाकेच्या अंतरावर वाढलेले! एकाच्याही डोक्यात आलं नाही. तांडेल सोडला तर कमिटीत दर्यावर जाणारा माणूस उरला नव्हता, आणि हे आम्हाला सामन्याच्या दिवशी कळलं.

सामन्याच्या दुपारी पाऊस रिपरिपत होता. मुंबईकरदादा गाडीतून उतरले, घडीची खुर्ची उघडून बसले, छत्री उघडली. मैदानावर आम्ही नऊ जण होतो. त्यात मास्तर कॅनव्हासचे बूट घालून आले होते आणि औषधवाल्याने गुडघ्याला आपल्याच दुकानातला पट्टा बांधला होता.

"बाकीचे?" दादांनी विचारलं.

"पाऊस जरा उणावला की येतात," मी म्हटलं, आणि रिक्षा पकडून मिरकरवाड्याकडे सुटलो. वाटेत मी काय काय नवस बोललो ते आता आठवत नाही. आठवले असते तर फेडावे लागले असते.

नशीब एवढंच की तांडेलाची बोट मासळी उतरवायला त्याच सकाळी बंदरात आली होती. तो जेटीवर उभा होता. मी सगळी हकिकत सांगितली. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

"अधिक म्हैना सेक्रेटरी! जावयाचा म्हैना! अन् तुमी पुनव बघून फुटबॉल ठेवलाव!"

"हस नंतर," मी म्हटलं. "माणसं दे. क्लब बुडतोय."

त्याने हसणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं. मग उठून मला लिलावाच्या शेडकडे घेऊन गेला.

तिथे ओल्या फरशीवर त्याच्या आणि शेजारच्या बोटीचे खलाशी फुटबॉल खेळत होते. मासळीचे क्रेट उभे करून गोल केले होते. चेंडू जुन्या जाळ्याचा, गच्च बांधलेला. सगळे नेपाळचे. एकाने तो ओबडधोबड गोळा छातीवर झेलला, मांडीवर उतरवला आणि खाली पडू न देता क्रेटांच्या मधून मारला. मी क्लबात तीस वर्षं काढली आहेत. असा गोल मी आमच्या मैदानावर बघितलेला नाही.

"हे कधीपासून खेळतात?" मी विचारलं.

"रोजच. सात-आठ वर्सं झाली."

"मग मला कसं माहीत नाही?"

"कसं असनार? बंदी लागली की हे घरला जातात, तवा तुमी क्लब उघडताव. बंदी उठली की हे येतात, तवा तुमी कुलूप लावताव."

मी माणसं मोजली. तेरा होती. आमचे नऊ धरून बावीस. मला एकदम रडूच आलं. रेनकोटच्या बाहीने नाक पुसून मी टेम्पो बोलावला.

सामन्याचं काय सांगू? आमच्या नऊ जणांत त्यांचे दोन घालून वरची आळी केली, उरलेले अकरा मिरकरवाडा, आणि तांडेल पंच. मी गोलात होतो. आठ गोल मी मोजले, पुढचे मोजण्यात अर्थ नव्हता. मास्तरांचा एक बूट चिखलात गेला तो दुसऱ्या दिवशी गुरं चारणाऱ्याने आणून दिला. बागायतदार मध्यंतरात झोपला. पण शेवटच्या पाच मिनिटांत आमच्याकडच्या दोघांपैकी एकाने औषधवाल्याच्या पायावर चेंडू असा आणून ठेवला की त्याला गोल मारण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. औषधवाला अजून तो गोल गिऱ्हाइकांना सांगतो, औषधं बांधता बांधता.

मुंबईकरदादांची छत्री केव्हाच वाऱ्याने उडाली होती. ते उभे राहून, घसा फोडून, चाळीस वर्षांपूर्वीच्या आमच्या खास शिव्या देत होते. सामना संपल्यावर त्यांनी मला चिखलासकट मिठी मारली. "सेक्रेटरी, पाया खणायला घ्या! आज खेळला त्या प्रत्येकाचा फॉर्म भरा, नाव आणि गाव. मला ते दगडावर कोरून लावायचं आहे."

मैदानाच्या कडेला चहाची टपरी आहे. तिथल्या बाकावर मी फॉर्म मांडले. तेव्हा सगळे डोक्यापासून पायापर्यंत तांबड्या मातीने माखलेले, कोण कुठला हे आईलाही ओळखता आलं नसतं. मी सरळ 'रत्नागिरी' लिहीत सुटलो असतो तर स्टेडियम माझं होतं. पण कारकुनाची सवय. पहिल्या खलाशाला, तो छातीवर चेंडू झेलणारा, मी विचारलं, "गाव?"

"मिरकरवाडा."

"मूळ गाव रे."

त्याने नेपाळातलं एक नाव सांगितलं. मला ते लिहिता येईना. तो माझी पंचाईत बघत राहिला, मग म्हणाला, "साहेब, तिकडं मी दोन महिने असतो, इकडं दहा. दोन महिन्यांचं गाव लिवायचं का दहा महिन्यांचं?"

दादांनी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. "हे नेपाळी आहेत?"

"माज्या बोटीचे खलाशी हायत," तांडेल म्हणाला.

"मग आपली अट..." दादा म्हणाले, आणि थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्याशेजारी बसून, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू त्यांनी विचारलं, "सेक्रेटरी, दहा महिन्यांचं धरायचं म्हटलं, तर मी कुठला रे?"

मी म्हटलं, "दादा, तुम्ही इथलेच. ते पण इथले. फॉर्म पुष्कळ छापून ठेवलेत." माझा स्वतःचा फॉर्म मला आठवत होता. देवरुखहून नोकरीला आलो त्या वर्षी मीच माझ्या हाताने त्यावर 'रत्नागिरी' लिहिलं होतं, आणि कुणी मला मूळ गाव विचारलं नव्हतं.

दादांनी उठून आपली खुर्ची घडी केली. मग म्हणाले, "विचार करून कळवतो." आमच्याकडे ह्याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे. गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला, तेव्हा नकाशातली ती गॅलरीही त्याच गाडीतून गेली. दोन वर्षं मी तिच्या पायऱ्या मोजत झोपी गेलो होतो. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

तांडेल तेव्हा देव-देवळाचं काही बोलला असता तर मी त्याला चहाचं पातेलं फेकून मारलं असतं. खलाशी अंगावरची माती वाळवत रांगेत उभे होते, आणि बोटीला बर्फ भरायचा होता म्हणून घाई करत होते. मी पेनचं टोपण काढलं आणि 'गाव' या रकान्यात मिरकरवाडा लिहिलं. तेरा वेळा लिहिलं. प्रत्येक फॉर्मखाली सेक्रेटरी म्हणून सही करायची असते. आतापर्यंत मी फक्त राजीनाम्यांवर सह्या करत आलो होतो. नवा सभासद करून घेण्याची सही कुठे करायची, ती जागा मला शोधावी लागली.