डावीकडचं दार

सभागृहात मतदानाची पद्धत साधी होती. घंटा वाजली की विधेयकाच्या बाजूचे आमदार उजव्या दारातून बाहेर पडायचे, विरोधातले डाव्या. प्रत्येक दाराशी एक कारकून बसे आणि जाणाऱ्याच्या नावापुढे खूण करी. डाव्या दाराशी सत्तावीस वर्षं एकच बाई बसल्या. सगळे त्यांना दारवाल्या बाई म्हणत. दाराशी बसणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, असा नियम होता. बाई तर शिंकसुद्धा गिळायच्या.

अशा बाईंचा सख्खा दीर निवडून आला. वीस वर्षं रंगाच्या कारखान्यात पिंपं ढकललेला माणूस. भाषण करायला उभा राहिला की आधी हात पँटला पुसायचा, रंग नसतानाही. बाईंचा नवराही त्याच कारखान्यात होता. रंगाच्या भुकटीने त्याची छाती पोखरली होती. त्याच्यासारख्या खोकणाऱ्या कामगारांवर कारखान्याने उपचार करावेत, असं विधेयक दिराने स्वतः आणलं. भावासाठीच आणलं होतं, हे उघडच होतं.

चर्चा तीन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी, रात्रभर भावाच्या उशाशी बसलेल्या दिराचा बाकावरच डोळा लागला. घंटा झाली. कारखान्यात वीस वर्षं घंटा झाली की पुढच्याच्या पाठोपाठ चालायचं, एवढंच त्याच्या पायांना ठाऊक. तो उठला आणि पुढच्याच्या पाठोपाठ चालू लागला.

बाईंनी त्याला डाव्या दाराकडे येताना पाहिलं. डोळे अर्धे मिटलेले, चाल घाईची. 'भावजी, हे दार नव्हे.' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. बाईंनी ते गिळले आणि त्याच्या नावापुढे खूण केली.

विधेयक एका मताने पडलं.

निकाल वाचण्याआधी उभं राहून चूक दुरुस्त करता येत असे. बाहेर पडल्यावर चूक कळलेला दीर परत बाकावर आला आणि अर्धवट उठलाही. पण कारखान्यातून आलेला अडाणी झोपेत चालला, असं म्हणून सगळे हसतील, या भीतीने तो पुन्हा खाली बसला. कोण फुटलं याचा खल बरेच दिवस चालला. दाराच्या गर्दीत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं आणि याद्या सभागृहाची मुदत संपेपर्यंत कुलूपबंद असत, त्यामुळे कुणालाच पत्ता लागला नाही. बाईंचा नवरा सहा महिन्यांत गेला.

मुदत संपताना आमदारांची माहितीपुस्तिका निघायची. प्रत्येकाचं एक पान. वर पूर्वायुष्य, खाली कुठल्या विधेयकाला कसं मत दिलं ते. तयार करायचं काम बाईंकडेच होतं. कच्ची पानं आली त्या दिवशी दीर त्यांच्या खोलीत आला आणि दार लोटून उभा राहिला.

"वहिनी, तिथे 'गैरहजर' लिहा. बाजूने लिहा असं म्हणतच नाही मी."

"हजर होतात, भावजी."

"कारखान्याच्या फाटकावरची माणसं काय म्हणतील? सख्ख्या भावाचा गळा कापला म्हणतील." त्याचा आवाज चिरकला. "आणि तुम्ही? तुम्ही तर बघत होता मला! एक शब्द नाही बोलवला तुमच्याने?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. या प्रश्नाची त्या चार वर्षं वाट बघत होत्या. तरी तो लागायचा तिथे लागलाच.

"नाही बोलवला," त्या म्हणाल्या. "नियम होता म्हणून नाही बोलले. रोज उठते ती तेच आठवत. खूण तुमच्या नावापुढे आहे, पण केली मी."

दिराने खाली बघतच विचारलं, "दादाला कळलं होतं?"

"जायच्या आदल्या दिवशी विचारलं त्यांनी. म्हणाले, धाकटा कुठल्या दाराने गेला गं? मी म्हटलं, उजव्या. बरं वाटलं त्यांना. हसले." बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तुमच्यासाठी एकदा खोटं बोललेय, भावजी. ते त्यांच्याबरोबर गेलं. आता परत नाही जमायचं."

दिराने हात पँटला पुसले. मग आपलं पान उचललं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि घडी करून खिशात घातलं.

"छापायला परवा द्या," तो म्हणाला. "उद्याचा दिवस मला हवाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याची घंटा झाली. माणसं एकामागून एक फाटकातून आत चालू लागली. दीर हातात ते पान धरून वाटेत उभा होता, आणि त्याने पहिल्याच माणसाला थांबवलं.