तिपाईवरची बंदूक

माझा थोरला भाऊ, अण्णा, पक्का नेमबाज. एका गावात बिबट्याच्या मादीने अंगणातून लहान मुलगी उचलून नेली, तेव्हा वनखात्याने त्याला बोलावलं. मीही सोबत गेलो.

उसाच्या बांधावर अण्णाने तिपाई रोवली, तिच्यावर रायफल ठेवली आणि गाल टेकवून बसून राहिला. ऊन उतरत होतं. हातातली बंदूक श्वासाबरोबर हलते. तिपाईवरची जराही हलत नव्हती. तिच्याकडे पाहताना वाटलं, माणसाला आतून असा आधार कुठे मिळतो? मागच्याच घरात त्या मुलीची आई दाराशी बसली होती. दोन दिवस ती कुणाशी बोलली नव्हती.

मादी उसातून बाहेर आली. अण्णाने अर्धा श्वास सोडला, उरलेला धरून ठेवला आणि चाप ओढला. एकाच गोळीत ती पडली.

गाव धावत आलं. लोक अण्णाचे हात हातात घेऊ लागले. मग ती आई आली, तशी गर्दी बाजूला झाली. ही आता शिव्या देईल, दगड उचलेल, असं मला वाटलं. ती मादीजवळ खाली बसली आणि तिच्या वर आलेल्या बरगड्यांकडे बघत राहिली.

"किती वाळलीय हो," ती म्हणाली. "उपाशी होती का?"

अण्णा तिच्या शेजारी मातीत बसला. "असेल, ताई."

तेव्हा तिला हुंदका फुटला. एक म्हातारी पदराने डोळे पुसत मला म्हणाली, "रडू द्या तिला. पोर गेल्यापासून आज पहिल्यांदा रडतेय."