चष्मा पुसणाऱ्या बाई

प्रश्न विचारला की बाई चष्मा काढायच्या आणि पदराने पुसायला घ्यायच्या. इतक्या सावकाश, की वाटावं, काच नाही, तांब्याचा हंडा घासताहेत! पुसून होईपर्यंत कुणी हात वर करायचा नाही, हा त्यांच्या वर्गाचा नियम. धायरीच्या आमच्या शाळेत त्यांचं नावच पडलं, चष्माबाई.

माझा वर्ग शेजारी, मध्ये नुसतं प्लायवूड. मी म्हणजे तोफखाना. प्रश्नामागोमाग उत्तराचाही बार. एकदा चहा पिताना बाई म्हणाल्या, "अहो सर, प्रश्न तुम्हीच विचारता, उत्तरही तुम्हीच देता. मुलं येतात ना वर्गात?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी, दुसरं करणार काय?

त्या वर्षी यवतमाळकडची शालू बाईंच्या सहावीत आली. पहिल्याच दिवशी ती "मले" म्हणाली, वर्ग खिदळला आणि पोरीने तोंडाला कुलूप घातलं. दिवाळीनंतर मुख्याध्यापक म्हणाले, "ही बोलतच नाही. पाचवीत बसवू."

"बोलेल," बाई म्हणाल्या. "तिला घाई नाही, मलाही नाही. आपल्याला कुठे गाडी गाठायचीये का?"

आणि एका दुपारी, माझा कान प्लायवूडला. (होय, लावला होता!) "दुपारी सावली आखूड का होते?" बाईंनी विचारलं. मग चष्मा चालू. उत्तर माझ्याच तोंडून निसटणार, म्हणून मी डस्टर दातांत धरलं. शेवटी एक बारीक आवाज आला, "सूर्य डोक्यावर येते ना, बाई. आमच्या वावरात दुपारी सावली पायाखालीच बसते."

कुणीतरी फिसकन हसलं.

"हसा की," बाई म्हणाल्या. "आधी याहून चांगलं उत्तर द्या, मग मीपण हसते."

शालू सहावीतच राहिली.

वर्ष संपलं आणि बाई निवृत्त झाल्या. निरोपाला बोलायला उठल्या, "मुलांनो" म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. सभागृहात चुळबुळ. मुख्याध्यापक सवयीने माइककडे सरसावले.

"थांबा ना सर!" शालू उभी राहिली. "बाईले वेळ द्या."

त्या "बाईले"वर कुणीही हसलं नाही. उलट अख्ख्या सहावीने डोळ्यांवर नसलेले चष्मे काढले आणि सावकाश पुसायला घेतले.

माझा मात्र खरा होता. बराच वेळ पुसावा लागला.